अंगण खरेच वाकडे असेल तर?

रेंजवर नेम चुकलेल्या कॅडेटने काडतुसाकडे बोट दाखवले, की आम्ही उस्ताद मंडळी एकच म्हण तोंडावर फेकतो : नाचता येईना अंगण वाकडे. मीही ती वर्षानुवर्षे फेकली. बहुतेक वेळा ती खरीच असते. श्वास, ट्रिगर, खांदा यांतच कुठेतरी चूक सापडते. पण बहुतेक वेळा म्हणजे दरवेळी नव्हे, हे मला एका मुलाच्या नुकसानीतून कळले.

चेन्नईला येण्यापूर्वी मी महाराष्ट्रात होतो. पॉइंट टू-टूच्या संघाची निवड माझ्याकडे होती. साताऱ्याकडचा एक शांत मुलगा आठवडाभर उत्तम मारत होता. निवडीच्या दिवशी मात्र ५० मीटरवर त्याचा ग्रुप उभा पसरला. डावी-उजवीकडे ठीक, वर-खाली सैरभैर. मी म्हणालो, "श्वास धरत नाहीस." तो म्हणाला, "जी, उस्ताद." संघात त्याचे नाव आले नाही. पुढे कोतमध्ये हिशेब जुळवताना दिसले, की त्याच्या लेनवर त्या दिवशी फोडलेले खोके वेगळ्या लॉटचे होते. वाळूच्या पोत्यांवर रायफल टेकवून दोन्ही लॉटची दहा-दहा काडतुसे मी स्वतः मारून पाहिली. जुन्या लॉटचा ग्रुप गोल आला. नव्याचा उभा, अगदी त्या मुलाच्या कागदासारखा.

उभा का, याचे गणित कॅडेटनी करून पाहावे. पॉइंट टू-टूची गोळी साधारण ३३० मीटर प्रति सेकंद वेगाने सुटते आणि ५० मीटर जाईपर्यंत सुमारे १२ सेंटीमीटर खाली येते. वेग १० मीटरने कमी झाला, तर ती आणखी सुमारे ८ मिलिमीटर खाली लागते. ५० मीटरच्या टार्गेटवर लागोपाठच्या दोन वर्तुळांतले अंतर नेमके ८ मिलिमीटर असते. म्हणजे पूर्ण एक गुण गेला, आणि मुलाने काहीही चूक केलेली नाही. लांब पल्ल्याच्या रायफलला १००० यार्डांवर वेगातला एवढाच फरक गोळीला वीतभर वर-खाली करतो.

म्हणून परदेशातले लांब पल्ल्याचे अनेक नेमबाज काडतूस स्वतः भरतात. एका जातीच्या केस निवडायच्या, दारू ग्रेनच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत तोलायची (एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम), गोळी प्रत्येक वेळी सारख्याच खोलीवर बसवायची. आपल्याकडे हे घरी करायचे काम नाही. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, आणि ते योग्यच आहे. पॉइंट टू-टूमध्ये तर सोयच नसते, कारण ठिणगीचे रसायन केसच्या कडेतच भरलेले असते. तिथले मोठे नेमबाज लॉट निवडतात. एली किंवा लापुआच्या चाचणी केंद्रात रायफल घेऊन जातात, ती शिकंज्यात बसवून लॉटमागून लॉट मारून पाहतात आणि जमेल तो विकत घेतात. (शिकंज्यावरून आठवले : १८६० मध्ये विम्बल्डनच्या स्पर्धेची पहिली गोळी राणी व्हिक्टोरियाने झाडली, तीही शिकंज्यात बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलची दोरी ओढून. अर्थात गोळी मध्यभागी लागली!)

आपल्याला मिळते ते सरकारी काडतूस. बुडावर 'के. एफ.' असेल तर ते पुण्याजवळच्या खडकीचे, १८६९ मध्ये सुरू झालेल्या कारखान्याचे, 'ओ. एफ. व्ही.' असेल तर जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावचे. त्यात निवड करायला फारसा वाव नाही, हे मान्य. बिस्लेच्या मोठ्या स्पर्धेतही परंपरेने सगळ्यांना आयोजकांचीच काडतुसे मिळतात. पण स्वतः भरणाऱ्याची शिस्त घ्यायला कोणाचा परवाना लागत नाही. तो एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि बदललेली गोष्ट वहीत लिहितो. आमच्या फायरिंग रजिस्टरात नाव, अंतर, गुण सगळे असते. लॉट नंबर मात्र कोतच्या कागदावरच राहतो. या दोन कागदांची गाठ पडत नाही, आणि माझ्या मते खरा दोष इथे आहे.

दुसरी खोड तीन गोळ्यांची. तीन छिद्रे जवळ पडली की लॉट चांगला, लांब पडली की मुलगा वाईट! तीच रायफल, तेच काडतूस आणि तोच नेमबाज असला, तरी दहा गोळ्यांचा ग्रुप तीन गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा सरासरीने दीडपटीहून थोडा मोठा येतो. तीन गोळ्यांवर मुलाची निवड करणे म्हणजे नाणेफेक. काडतुसे मोजकी मिळतात, हा आक्षेप मला ठाऊक आहे. मग रोज तीन-तीन मारून कागद फेकण्यापेक्षा आठवड्याचे कागद जपून ठेवा आणि एकावर एक धरून पाहा.

चेन्नईत आणखी एक भर. मे महिन्यातले कत्तिरीचे ऊन इथे आलेल्या पालकांनी अनुभवले असेलच. दारू तापली की जास्त जोराने जळते आणि गोळी जास्त वेगाने सुटते. दहा वाजता उन्हात उघडे पडलेले खोके आणि सहा वाजता सावलीत ठेवलेले खोके लॉटने एक असले, तरी वागायला एक नसतात. खोक्यावर ओला गोणपाट नको, ओल लागेल. साधी सावली पुरते.

अशाने मुलांना सबबी शिकवल्यासारखे होईल, असे एका सहकाऱ्याने बजावले. मला उलटे वाटते. लॉट नंबर लिहिलेला असला, की सबब लगेच तपासता येते. दहा गोळ्या पोत्यावरून मारा. ग्रुप गोल आला, तर मुलाला निमूट श्वासाच्या सरावाला परत पाठवा.

यंदा रजिस्टरात मी लॉटचा रकाना आखला. त्याच संध्याकाळी साताऱ्याच्या त्या मुलाला फोन केला. आता तो नोकरीला आहे. सगळे सांगून माफी मागितली. थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "उस्ताद, मला त्याच दिवशी शंका आली होती. खोक्याचा रंग वेगळा होता. पण बोललो असतो, तर तुम्ही ती म्हण म्हणाला असतात."