नातेपुत्यातल्या फौजी आजोबांना पेट स्कॅनसाठी पुण्याला का जावं लागतं? अडचण फक्त मशीनची नाही, घड्याळाची आहे

समजा, नातेपुत्यात तुमच्या शेजारी एक निवृत्त सुभेदार राहतात. कॅन्सरची शंका आहे, म्हणून डॉक्टरांनी पेट-सीटी स्कॅन सांगितला. ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमधून रेफरल मिळालं, पुण्यातल्या हॉस्पिटलची तारीख ठरली आणि नातवाच्या मोबाईलवर सूचना आल्या: किमान सहा तास काही खायचं नाही, फक्त साधं पाणी प्यायचं, दिलेल्या वेळेच्या आधी पोहोचायचं. उशीर झाला तर स्कॅन रद्द होऊ शकतो.

नातू वैतागतो. "सोनोग्राफीला अर्धा तास उशीर झाला तर चालतं की, मग इथेच एवढी कडक शिस्त कशाला?"

प्रश्न बरोबर आहे. या शिस्तीमागे फिजिक्स आहे आणि ते फिजिक्स रोज हाताळणारा एक माणूस आहे: न्यूक्लिअर मेडिसीन टेक्नॉलॉजिस्ट. हॉस्पिटलमधल्या कामांमध्ये या कामाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. माजी सैनिकांच्या उपचारात मात्र ते महत्त्वाचं आहे. चला, समजून घेऊया.

एक्स-रे आणि यात फरक काय?

एक्स-रे किंवा सीटीमध्ये किरण मशीनमधून निघतात आणि शरीरातून आरपार जातात. न्यूक्लिअर मेडिसीनमध्ये उलटं होतं. अगदी थोडं किरणोत्सारी औषध शिरेतून दिलं जातं. ते शरीरात जिथे जमतं, तिथून किरण बाहेर येतात आणि कॅमेरा ते टिपतो. त्यामुळे अवयव दिसतो कसा याबरोबरच तो काम कसं करतोय हेही कळतं.

पेट स्कॅनमध्ये सर्वात जास्त वापरलं जाणारं औषध म्हणजे एफडीजी. ही साखरेसारखीच एक साखर असते, तिला फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडलेला असतो. कॅन्सरच्या बऱ्याच पेशी साखर अधाशासारखी ओढतात, म्हणून त्या स्क्रीनवर चमकतात. उपाशी राहायला सांगतात ते यासाठीच. वाटेत फलटणला थांबून गोड चहा घेतला, तर रक्तातली साखर आणि इन्सुलिन वाढतं आणि चित्र बिघडतं.

आपल्या फौजी आजोबांसाठी आणखी एक गोष्ट. रोज पहाटे पळायची किंवा दंड-बैठकांची सवय असेल, तर स्कॅनच्या आदल्या दिवसापासून सुट्टी घ्यावी. दमलेले स्नायूसुद्धा साखर ओढतात, मग नको तिथे चमक दिसते.

खरा मुद्दा: अर्धायुष्य

किरणोत्सारी पदार्थ ठरावीक वेळात निम्मा होतो. त्या वेळेला अर्धायुष्य म्हणतात. फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य साधारण ११० मिनिटं आहे.

आता हिशेब करा. पुण्यात सकाळी ७ वाजता कुपीत १०० भाग औषध आहे. ८ वाजून ५० मिनिटांनी उरतं ५०. १० वाजून ४० मिनिटांनी २५. पुण्याहून नातेपुत्याला यायला तीन-साडेतीन तास धरा. म्हणजे गाडी गावात पोहोचेपर्यंत जेमतेम चौथा हिस्सा शिल्लक. रस्त्यात ट्रॅफिक लागलं, वारीचे दिवस असले, तर तेवढाही नाही. बर्फ घाला, फ्रीजमध्ये ठेवा, काही उपयोग नाही. हा ऱ्हास थांबवताच येत नाही.

म्हणून पेशंटला औषधाच्या जवळ जावं लागतं. आणि पेशंटने तासभर उशीर केला, तर त्याच्यासाठी ठेवलेला डोस वाया जाऊ शकतो. तो परत करता येत नाही आणि उद्यासाठी ठेवताही येत नाही.

दुसरं औषध मात्र "गाय" देते

सगळ्याच तपासण्या इतक्या घाईच्या नसतात. हाडांचा स्कॅन, हृदयाचा रक्तपुरवठा, किडनी, थायरॉईड यांसाठी बहुतेक वेळा टेक्नेशियम-९९एम वापरतात. जगातल्या न्यूक्लिअर मेडिसीन तपासण्यांपैकी सुमारे ८० टक्के याच्यावर होतात. त्याचं अर्धायुष्य ६ तास.

ते मिळतं कसं? हॉस्पिटलमध्ये शिशाच्या आवरणातला एक जनरेटर येतो. आत मोलिब्डेनम-९९ असतं, त्याचं अर्धायुष्य ६६ तास. ते सतत टेक्नेशियममध्ये बदलत राहतं. सकाळी सलाईन सोडून टेक्नेशियम काढून घ्यायचं, मग जनरेटर पुन्हा भरत जातो. या क्षेत्रातली माणसं जगभर त्याला "गाय" म्हणतात आणि या कामाला "दूध काढणं". माळशिरस तालुक्यात ही उपमा कुणाला समजावून सांगायची गरज नाही! फरक इतकाच की ही गाय आठवड्या-दीड आठवड्यात आटते, मग नवी मागवावी लागते.

टेक्नॉलॉजिस्टचा दिवस

सकाळी पेशंट येण्याआधी कॅमेऱ्याची तपासणी. मग जनरेटरमधून टेक्नेशियम काढायचं आणि त्यात मोलिब्डेनम मिसळून आलं नाही ना, ते पाहायचं. प्रत्येक पेशंटचा डोस मोजायचा, आणि तो "आत्ता किती आहे" यापेक्षा "टोचताना किती उरेल" या हिशेबाने. एफडीजी दिल्यावर पेशंटला तासभर शांत बसवायचं, लघवीला पाठवायचं, मशीनवर नीट झोपवायचं. शेवटी सांडलवंड झाली का ते मीटरने तपासायचं.

सत्तरी-पंच्याहत्तरीचा पेशंट असेल तर यात भर पडते. ऐकू कमी येतं, गुडघे दुखतात, सरळ झोपवत नाही. पण स्कॅन चालू असताना हललं तर चित्र पुसट होतं. इथे सॉफ्टवेअरपेक्षा "काका, अजून दहाच मिनिटं" हे वाक्य जास्त कामाला येतं.

धोक्याचं काय? तीन नियम: वेळ कमी, अंतर जास्त, मध्ये आडोसा. छातीवर टीएलडी बॅज असतो, तो ठरावीक काळाने तपासतात. अणुऊर्जा नियामक मंडळाची, म्हणजे एईआरबीची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे, आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर जाता येत नाही.

माजी सैनिकांचं वेगळं हॉस्पिटल आहे का?

अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारी हॉस्पिटलांचं स्वतंत्र जाळं आहे. न्यूक्लिअर मेडिसीनच्या इतिहासातलं एक मोठं पान तिथेच लिहिलं गेलं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या अशाच हॉस्पिटलात रोझलिन यॅलो यांनी सॉलोमन बर्सन यांच्यासोबत किरणोत्सारी अणू वापरून रक्तातलं इन्सुलिन मोजायची पद्धत शोधली. त्यासाठी यॅलो यांना १९७७ चं नोबेल मिळालं.

आपल्याकडे रचना वेगळी आहे. १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस योजना चालते: आधी पॉलिक्लिनिक, मग रेफरल, मग लष्करी हॉस्पिटल किंवा यादीतलं खासगी हॉस्पिटल. पुण्याच्या कमांड हॉस्पिटलमध्ये आणि मुंबईच्या आयएनएचएस अश्विनीमध्ये न्यूक्लिअर मेडिसीन विभाग आहेत. पॉलिक्लिनिकमुळे सल्ला आणि गोळ्या घराजवळ आल्या. स्कॅन मात्र मोठ्या शहरातच राहिला.

अणुभट्टी बंद पडली की स्कॅन अडतो

ही साखळी गावापासून थेट जगापर्यंत जाते. मोलिब्डेनम-९९ जगातल्या मोजक्याच अणुभट्ट्यांमध्ये बनतं. कॅनडाची चॉक रिव्हरची भट्टी २००९ मध्ये बंद पडली तेव्हा जगभर टंचाई झाली. ती २०१८ मध्ये कायमची थांबली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये नेदरलँड्समधल्या पेटेनची भट्टी वेळेवर सुरू झाली नाही, आणि पुन्हा तीच ओरड झाली. या मालाचा साठा करता येत नाही, त्यामुळे झटका लगेच जाणवतो.

भारतात तुर्भ्याची ध्रुव अणुभट्टी आणि वाशीची ब्रिट ही संस्था आयसोटोप पुरवतात. सायरस भट्टी २०१० मध्ये बंद झाली. मे २०२० मध्ये केंद्राने वैद्यकीय आयसोटोपसाठी खासगी भागीदारीतून संशोधन अणुभट्टी उभारण्याची घोषणा केली. अशा भट्टीला बरीच वर्षं लागतात, पण दिशा योग्य आहे.

मग उपाय काय?

"प्रत्येक तालुक्याला पेट स्कॅन" ही मागणी ऐकायला छान वाटते, पण ११० मिनिटांच्या हिशेबात ती बसत नाही. टेक्नेशियमचं तसं नाही. त्याची "गाय" जिल्ह्याच्या ठिकाणी आठवडाभर ठेवता येते. म्हणजे हाडांचे आणि हृदयाचे स्कॅन गावाजवळ आणणं शक्य आहे. त्यासाठी गॅमा कॅमेरा, डॉक्टर, एईआरबीची परवानगी आणि प्रशिक्षित टेक्नॉलॉजिस्ट लागतात. मशीन पैसे मोजून विकत आणता येतं. माणूस मात्र काही वर्षं शिकवून तयार करावा लागतो.

ही संधी तुमच्यासाठीही आहे. बारावी सायन्सनंतर न्यूक्लिअर मेडिसीनमधली बीएस्सी, किंवा विज्ञान पदवीनंतर डिप्लोमा अथवा एमएस्सी करता येते. १९६३ साली मुंबईत परळला सुरू झालेलं रेडिएशन मेडिसिन सेंटर आज बीएआरसीचा भाग आहे आणि या शिक्षणाचं जुनं, नावाजलेलं ठिकाण आहे. फी भरण्याआधी एकच गोष्ट तपासा: त्या कोर्सला एईआरबी मान्यता देतं का? नसेल तर सर्टिफिकेट हातात येऊनही नोकरी अडेल.

आजोबांना नेणार असाल तर

- ईसीएचएस कार्ड, रेफरल आणि जुने रिपोर्ट हातात ठेवा, फोटो मोबाईलमध्येही काढून ठेवा.
- डायबेटीस असेल तर तारीख घेतानाच सांगा. गोळी किंवा इन्सुलिन कधी घ्यायचं हे डॉक्टरांनाच विचारा, स्वतः बंद करू नका.
- वेळेत पोहोचणं अवघड असेल तर आदल्या रात्रीच पुण्यात मुक्काम करा.
- जमणारच नसेल तर शक्य तितक्या लवकर फोन करा. डोस मागवण्याआधी कळलं तर तुमची वेळ दुसऱ्या पेशंटला देता येते.
- स्कॅननंतर भरपूर पाणी प्यायला द्या. लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून किती वेळ लांब राहायचं ते टेक्नॉलॉजिस्टला विचारून घ्या.

सुभेदार साहेबांना वेळ पाळायला शिकवायची गरज नसते. उशीर होतो तो गाडी ठरवणाऱ्या नातवाकडून. तेव्हा त्या दिवशी अलार्म तुमच्या फोनवर लावा.