विश्लेषण : सुपरमार्केटची स्वस्त ‘सिंगल माल्ट’ खरेच दुय्यम असते का?

आल्डीची ‘ग्लेन मार्नोक’ आणि लिडलची ‘बेन ब्रॅकन’ या सिंगल माल्ट स्कॉच ब्रिटनमध्ये दूध-पावाबरोबर एकाच फेरीत घेता येतात, तेही नामांकित बाटल्यांपेक्षा बऱ्याच स्वस्तात. या नावांची डिस्टिलरी मात्र स्कॉटलंडमध्ये नाही. मग बाटलीत असते काय?

कायदा काय सांगतो?

‘स्कॉच व्हिस्की रेग्युलेशन्स 2009’नुसार सिंगल माल्ट एकाच डिस्टिलरीत, मोड आणलेल्या बार्लीपासूनच तयार व्हावी लागते. ती किमान 3 वर्षे स्कॉटलंडमध्येच ओकच्या पिंपात मुरावी लागते आणि अल्कोहोल किमान 40 टक्के लागते. नोव्हेंबर 2012 पासून बाटलीबंदही स्कॉटलंडमध्येच करावी लागते. 20 पौंडांची बाटली असो की 200 पौंडांची, नियम तेच.

मेख वेगळीच आहे. माल कोणत्या डिस्टिलरीचा, हे सांगण्याचे बंधन दुकानावर नाही. यंदाची बाटली आणि पुढच्या वर्षीची बाटली एकाच ठिकाणची असेलच असे नाही. त्यामुळे जुन्या परीक्षणावर फार विसंबता येत नाही.

स्वस्त म्हणजे किती स्वस्त?

स्कॉटलंडमध्ये सप्टेंबर 2024 पासून मद्याच्या प्रत्येक युनिटला किमान 65 पेन्स दर आहे. 40 टक्के अल्कोहोलच्या 700 मिली बाटलीत 28 युनिट भरतात, म्हणजे 18.20 पौंडांखाली ती विकताच येत नाही. त्यातले सुमारे 3 पौंड व्हॅटचे आणि फेब्रुवारी 2025च्या दराने 9.18 पौंड उत्पादन शुल्काचे. उरलेल्या 6 पौंडांत व्हिस्की, काच, वाहतूक आणि दुकानाचा नफा! इतक्यात 15 वर्षे मुरलेला माल बसणे कठीण. म्हणूनच अशा बाटल्यांवर बहुधा वय छापलेले नसते.

चव कशी जोखायची?

रंगावर जाऊ नये. कायदा साधा कॅरेमल रंग घालू देतो. वर निमुळत्या होत जाणाऱ्या ग्लासात 20 मिली ओतून आधी वास घ्यावा. नाकाला झोंबणारा अल्कोहोल आणि ओल्या कणकेसारखा वास आला, तर माल कोवळा. मग पाण्याचे चार थेंब घालून पुन्हा पाहावे. घोटानंतर चव किती वेळ रेंगाळते, यात महाग-स्वस्तातला फरक अनेकदा कळतो.

पण लेबल दिसले की जीभ फितूर होते. त्यावर उपाय तीन ग्लासांचा : दोघांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात वेगळी, आणि ओतणारा दुसराच कोणी. वेगळा ग्लास एकदा ओळखणे हा योगायोग असू शकतो, त्याची शक्यता 33 टक्के. सलग चारदा ओळखला, तर ती 81 मध्ये 1 एवढीच. इथे चुकणाऱ्याने महागड्या बाटलीचे जादा पैसे कशासाठी मोजायचे, हा प्रश्न रास्तच.

भारतात काय?

जुलै 2025 मध्ये झालेल्या भारत-ब्रिटन करारानुसार व्हिस्कीवरील आयातशुल्क 150 टक्क्यांवरून 75 वर आणि दहा वर्षांत 40 वर यायचे आहे. सुपरमार्केटच्या बाटल्या मात्र आपल्याकडे बहुतांशी परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेतूनच येतात. शुल्कमाफी प्रतिप्रवासी 2 लिटरपर्यंत. त्यात 700 मिलीच्या दोन बाटल्या बसतात. तिसरी 100 मिलीने हुकते.