दीड बारची बढाई

टर्बोवाल्या गाड्या मॉडिफाय करणारे चार जण जमले की पहिला प्रश्न ठरलेला. "किती बूस्ट चालवतोस?" कुणी सव्वा बार म्हणतो, कुणी दीड. दीडवाल्याची कॉलर ताठ. मला या प्रश्नाचाच राग येतो. दीड बार कधी? कुठल्या गिअरमध्ये, किती सेकंद? ३००० आरपीएमला क्षणभर काटा दीडला टेकला आणि ५५०० पर्यंत पाऊण बारवर घसरला, तर ती गाडी दीड बारची कशी? ऑफिसात सर्व्हरचा रिस्पॉन्स टाइम सांगताना आपण सगळ्यात चांगला आकडा फेकून सुटत नाही (क्लायंट सुटू देत नाही), मग गाडीच्या बाबतीतच अक्कल कुठे जाते?

उदाहरणाला जुन्या ऑक्टेव्हियातलं १.८ लिटर, २० व्हॉल्वचं टर्बो पेट्रोल इंजिन घ्या. सेकंडहँड गाडी घ्यायची, रिमॅप मारायचा, हा आपल्याकडचा जुना नाद. त्यात वेस्टगेटची झडप एक स्प्रिंग बंद धरून ठेवते. कॉम्प्रेसरचा दाब अ‍ॅक्च्युएटरच्या पडद्यावर आला की झडप उघडते, एक्झॉस्ट टर्बाइनला टाळून निघून जातो आणि बूस्ट वाढायचा थांबतो. मधे एन७५ नावाचा सोलेनॉइड व्हॉल्व. तो हा दाब थोडा गळू देतो, म्हणून झडप उशिरा उघडते आणि बूस्ट स्प्रिंगच्या मर्यादेपलीकडे जातो. किती गळू द्यायचं ते ईसीयू ठरवतो: मागितलं किती, मिळालं किती, फरक बघ, दुरुस्त कर. कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरात रट्टा मारला होता ना, तोच फीडबॅक लूप.

आता आपले वीर काय करतात? बूस्ट पडतोय म्हटलं की दुसऱ्याच जातीचा एन७५ बसवतात, नाहीतर पायपात स्क्रूवाला ब्लीड व्हॉल्व घालून पिळत बसतात. म्हणजे एका दारावर दोन वॉचमन, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. बूस्ट उसळतो, ईसीयूला ओव्हरबूस्ट दिसतो आणि तो ताकद काढून घेतो. कुठे? बोरघाटात ट्रकला ओव्हरटेक करताना, निम्मं अंतर कापल्यावर. शेजारी बायको, मागे पोरं. याला ट्यूनिंग म्हणायचं?

बूस्ट पडण्याचं कारण बहुतेक वेळा फारच साधं असतं. पाइप भेगाळलेला, क्लॅम्प ढिला, इंटरकूलरला गळती. या इंजिनात डायव्हर्टर व्हॉल्वचा रबरी पडदा फाटणं तर नेहमीचंच. गळतीवर बूस्ट वाढवणं म्हणजे बाथरूमची टाकी गळतेय म्हणून पंप चोवीस तास चालू ठेवणं. मीटरवर आकडा येतो, पण तो आणायला टर्बो जास्त वेगाने फिरतो, हवा जास्त तापते, नॉकिंग होतं आणि पिस्टनचे तुकडे पडल्यावर मग आपण पेट्रोलला शिव्या घालतो. गळती शोधायला रॉकेट सायन्स लागत नाही. इनटेकचं तोंड बंद करायचं, थोडा दाब भरायचा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारायचं. आपला पंक्चरवाला रोज करतो तेच.

त्यानंतर लॉग. व्हीसीडीएसमध्ये ११५ नंबरच्या ब्लॉकला मागितलेला आणि मिळालेला बूस्ट शेजारी शेजारी दिसतो. २० नंबरला नॉकिंगमुळे प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग किती मागे घेतलंय ते. (११५ मधले आकडे निरपेक्ष दाबाचे असतात. दोन हजार मिलिबार दिसले म्हणून "दोन बार" ओरडू नका. बाहेरच्या हवेचा दाब वजा करा, पुण्यात तो साधारण ९५० असतो.) दोन्ही रेघा सुरुवातीला जुळल्या आणि वरच्या आरपीएमला मिळालेला खाली गेला, तर एक तर अ‍ॅक्च्युएटर ढिला, एक्झॉस्टचा दाबच झडप ढकलून उघडतोय, किंवा मग के०३ चा चिमुकला टर्बो संपला. तिथे स्क्रू पिळून फक्त गरम हवा मिळते. उलट फ्री-फ्लो एक्झॉस्ट लावल्यावर झडप पूर्ण उघडी असूनही बूस्ट चढतच राहिला, तर वेस्टगेटचं भोकच कमी पडतंय. तिथे कुठलाही कंट्रोलर काय कपाळ करणार?

आणि समजा बूस्ट एकदम स्थिर मिळाला, तरी हवा तेवढीच मिळते असं नाही. २५ अंशांऐवजी ४० अंशांची हवा आत गेली तर त्याच दाबाला ती सुमारे पाच टक्के विरळ. महाबळेश्वरला बाहेरचा दाबच ८६० मिलिबारच्या आसपास. मुंबईत ०.८ बार बूस्ट देणाऱ्या टर्बोने वर जाऊन तोच निरपेक्ष दाब द्यायचा म्हटलं तर हवा १.८ पट नाही, २.१ पट दाबावी लागते. चांगला रिमॅप हे धरून चालतो. स्क्रूला घाट माहीत नसतो.

"अरे, एवढं कोण बघतं, डायनो शीट आहे की!" शीटवर एका क्षणाचा सर्वोच्च आकडा ठळक छापलेला असतो, आणि आपण त्यालाच वीस-तीस हजार मोजतो. पुढच्या वेळी गॅरेजवाल्याला म्हणा, दादा, लागोपाठ तीन पुल्स घ्या, मधे गाडी थंड करू नका, आणि तिन्हींचे लॉग मला पेनड्राइव्हवर द्या. जो हो म्हणेल त्याच्याकडे गाडी सोडा. जो हसेल, त्याला चहाचे पैसे देऊन निघा.