विभागप्रमुखाने आधी वेळापत्रक हाती घ्यावे

सत्र सुरू होण्याआधी विद्यापीठाच्या प्रत्येक विभागात एक बैठक होते. तिचे इतिवृत्त एका ओळीत संपते: वर्कलोडचे वाटप करण्यात आले. भूगोल विभागाची प्रमुख म्हणून मी या बैठका घेतल्या, आणि त्याआधी कितीतरी वर्षे टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून त्या पाहिल्या. विभागप्रमुख कसा आहे हे त्याच्या शोधनिबंधांच्या यादीपेक्षा या बैठकीत जास्त कळते, असे माझे स्पष्ट मत आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला 16 तास शिकवायचे, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकाने 14. कागदावर फरक दोनच तासांचा. प्रत्यक्षात ज्येष्ठांकडे वर्षानुवर्षे शिकवलेला, तोंडपाठ झालेला पेपर राहतो, तोही अकरा ते एकच्या सोयीच्या वेळेत. नव्याने रुजू झालेल्या मुलीच्या वाट्याला तीन नवे पेपर, सकाळी आठचा तास, प्रॅक्टिकलच्या दोन बॅचेस, अभ्यास सहल, प्रवेश समिती आणि नॅकच्या फायली. राज्यातल्या पदव्युत्तर विभागांत 2023-24 पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाले आणि त्यात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ची भर पडली. हे काम म्हणजे काय, ते बाहेरच्यांना सांगायला हवे. भूजल सर्वेक्षण विभागात, नगररचना कार्यालयात, जिल्हा परिषदेत मुलांसाठी जागा शोधायच्या, पत्रे न्यायची, साहेब भेटेपर्यंत बाकावर बसायचे, मग मुलांची हजेरी आणि अहवाल गोळा करायचे. यातला बहुतेक वेळ वर्कलोडच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही. आणि हे काम विभागातल्या सर्वांत धाकट्या माणसाकडे जाते, कारण तो नाही म्हणू शकत नाही.

त्याच्याही खाली एक माणूस असतो: सीएचबीवाला. तासिका तत्त्वावर काम करणारा, नेट झालेला, अनेकदा पीएच.डी. असलेला, तिशी-पस्तिशी ओलांडलेला. आयोगाचे नियम सांगतात, की कंत्राटी शिक्षक एकूण पदांच्या 10 टक्क्यांहून अधिक नसावेत. जानेवारी 2019 मध्ये आयोगाने अतिथी व्याख्यात्यासाठी तासाला 1,500 रुपये आणि महिन्याला कमाल 50,000 रुपये मानधन ठरवले. आपल्याकडे कित्येक विभाग तासिका शिक्षकांच्याच खांद्यावर चालतात, आणि त्यांच्या हाती पडणारी रक्कम याहून बरीच कमी असते. सुट्टीचे, परीक्षेच्या दिवसांचे पैसे नाहीत. बिल कधी निघेल ते सांगता येत नाही.

आमच्याकडे असाच एक तरुण होता. आमचे तास घ्यायचा आणि तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयातही शिकवायचा, ये-जा एसटीने. आमच्या वेळापत्रकात त्याचे तास आठवड्याच्या पाच दिवसांत विखुरलेले होते. एका तासासाठी तो अख्खा दिवस प्रवासात घालवत असे. ते तास तीन दिवसांत आणायचे, तर दोन ज्येष्ठ प्राध्यापकांना आपल्या वेळा सोडाव्या लागणार होत्या. मी दोघांशी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन बोलले. त्यांतले एक म्हणाले, “मॅडम, मी आठचा तास घेतो, त्याला अकराचा द्या.” याला ना शासन निर्णय लागला, ना एक रुपया. मोकळ्या झालेल्या दिवसांत त्या मुलाने आपल्या प्रबंधातून दोन निबंध काढले. त्याच्या तासांच्या नोंदवहीवर मात्र महिन्याच्या शेवटच्या दिवशी न चुकता सही व्हायलाच हवी, हे मी स्वतः पाहत असे. सही राहिली, की बिल पुढच्या महिन्यावर जाते आणि त्याचे घरभाडे थकते. अशा शिक्षकाचे नाव विभागाच्या फलकावर असावे, त्याला विभागाच्या बैठकीला बोलवावे. तो आपल्याच मुलांना शिकवतो.

कॅसच्या, म्हणजे सेवांतर्गत पदोन्नतीच्या, फायलींचेही तसेच. पीएच.डी. असलेल्या सहायक प्राध्यापकाला चार वर्षांनी लेव्हल 10 वरून 11 वर जाता येते, पण ठरलेले प्रशिक्षण वर्ग पूर्ण केले असतील तरच. तो अर्ज घेऊन येतो आणि प्रमुख विचारतात, “तुम्ही गेलात तर तास कोण घेणार?” वर्ग हुकतो, पदोन्नती रखडते, वेतनवाढीचे नुकसान निवृत्तीपर्यंत सोबत चालते. तास कोण घेणार याचे उत्तर शोधणे हेच प्रमुखाचे काम आहे. तो प्रश्न अर्जदाराला विचारायचा नसतो.

मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे उदाहरण मला नेहमी आठवते. मालवणात जन्मलेले गो. स. घुर्ये 1924 मध्ये त्या विभागाचे प्रमुख झाले आणि 1959 पर्यंत राहिले. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, अक्षय रमणलाल देसाई हे त्यांचे विद्यार्थी. घुर्ये भारतविद्येच्या वाटेने गेले, देसाई मार्क्सवादी. तरी एका विभागात दोघांना जागा झाली. विद्यार्थ्याला आपल्यापेक्षा वेगळा होऊ देणे हे मोठ्या प्रमुखाचे लक्षण मला वाटते. पण एकाच माणसाच्या हाती 35 वर्षे विभाग असणे मला मान्य नाही. आज बहुतेक ठिकाणी प्रमुखपद ज्येष्ठतेने किंवा फिरत्या पद्धतीने येते. ते बरे आहे, फक्त येणाऱ्याची काहीच तयारी करून घेतली जात नाही. नव्या शिक्षकाला प्रशिक्षण सक्तीचे. नव्या प्रमुखाला मात्र एका सकाळी किल्ल्या आणि शिक्के मिळतात. सेवानियम, आरक्षणाचा रोस्टर, खरेदीची पद्धत, अंतर्गत तक्रार समितीचे काम, हे सगळे तो लिपिकाला विचारत शिकतो. म्हणून तो फायलींत बुडतो आणि माणसांकडे बघायचे राहून जाते. कुलगुरूंनी प्रत्येक नव्या प्रमुखासाठी निदान आठवडाभराचे प्रशिक्षण ठेवावे, त्याचे शिकवण्याचे तास थोडे कमी करावेत आणि विभागाला एक पूर्णवेळ लिपिक द्यावा.

अर्थात, कितीही न्यायाने वाटले, तरी तीन माणसांचे काम एकाला देऊन विभाग चालत नाही. रिकाम्या जागा भरणे प्रमुखाच्या हाती नाही, ते शासनाच्या हाती आहे. उच्च शिक्षण विभागाला माझी विनंती आहे: मंजूर पदांची भरती सुरू करा, आणि ती पूर्ण होईपर्यंत तासिका शिक्षकांचे मानधन दर महिन्याला, ठरलेल्या तारखेला द्या.