न परतलेले नऊ

नाताळ जवळ आला की कोल्हापुरात दोन गोष्टी हमखास होतात. वायल्डर मेमोरियल चर्चवर रोषणाई लागते आणि कुठल्या ना कुठल्या व्याख्यानमालेत मिशनऱ्यांचा पंचनामा होतो. रोषणाईबद्दल माझी काही तक्रार नाही. पंचनाम्याबद्दलही नसती, पण यंदाचे वक्ते अभ्यासू म्हणून ओळखले जातात, आणि अभ्यासू माणसाने अर्धं वाचून पूर्ण बोलावं याचा मला राग येतो. त्यांचं नाव घेत नाही. नाव घेतलं की चर्चा माणसाची होते, आणि त्यांना तीच हवी असते.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. ख्रिस्ती सेवा म्हणजे गळाला लावलेलं आमिष. दवाखाना, शाळा, अनाथाश्रम ही सगळी त्या गळाचीच नावं. देव तुमची काळजी घेतो, उद्याची चिंता करू नका, ही शिकवण म्हणजे माणसाला लुळं करणारी गुंगी. दयाधर्म आपल्याकडे आधीपासून होताच. पैसा बाहेरचा होता. आणि शेवटी, आवाज चढवून: 2019 च्या महापुरात यांचा आकाशातला बाप कुठे होता? टाळ्या.

मी ख्रिस्ती नाही. आमचं घर अंबाबाईचं. नवरात्रात घट बसतात, पौर्णिमेला जोतिबाला जाणं होतं. त्यामुळे माझी बाजू कुणाच्या पगारावर ठरलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पहिली शंका तीच निघते.

किरकोळ मुद्दे आधी उरकू. पैसा बाहेरचा होता: होता, जखमेने कधी त्याचं मूळ विचारलं नाही. दयाधर्म आपल्याकडे होताच: होता, आणि तुकोबांइतक्या सडेतोडपणे तो जगात फार थोड्यांनी सांगितला असेल, मग केलेला कुठे आहे तेवढं दाखवा.

आता आमिष. वक्त्यांचा हा लाडका मुद्दा आहे, आणि खरं सांगायचं तर माझाही. कारण हा मुद्दा त्यांचा नाहीच. तो दीडशे वर्षांहून जुना आहे, आणि तो आधी मांडला तो मिशनवाल्यांनीच.

रॉयल वायल्डर हा अमेरिकन पाद्री 1852 मध्ये कोल्हापुरात आला. ज्या चर्चची रोषणाई आपण पाहतो त्याला याचंच नाव. त्याने इथे शाळा काढल्या. त्याच सुमाराला अमेरिकेतल्या त्याच्या वरिष्ठांनी हिशेब मांडला: शाळांवर खर्च फार, शिकून पोरं सरकारी नोकरीला लागतात, बाप्तिस्मा घेणारे थोडे, तेव्हा शाळा आवरा आणि उपदेश करा. वायल्डरला हे पटलं नाही. तो भांडला. 1861 मध्ये मिशनच्या शाळांची बाजू मांडणारं अख्खं पुस्तक त्याने छापलं, आणि वरिष्ठांशी फारकत घेऊन पुढची काही वर्षं तो कोल्हापुरात स्वतंत्रपणे राहिला. आता वक्त्यांनी सांगावं: शाळा जर नुसतं आमिष होती, तर गळ टाकणाऱ्यांच्याच मालकांनी ते आमिष काढून घ्या असं का सांगितलं? कारण मासे लागत नव्हते. आणि मासे लागत नसतानाही एक माणूस आमिष टाकतच राहिला, तर त्याला मासेमार म्हणायचं की वेडा, की आणखी काही, हे ठरवायला थोडी बुद्धी खर्चावी लागते. टाळ्यांच्या कडकडाटात ते जमत नाही.

त्या काळी शाळेत जाऊन आलेल्यांचं काय झालं तेही पाहा. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ख्रिस्ती झाले? नाहीत. 1848 मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली, आणि त्याआधी त्यांनी पाहिली होती ती अहमदनगरची मिशनची मुलींची शाळा. आमिष खाऊन मासा निसटला, एवढंच नाही, त्याने स्वतःचं तळं बांधलं. असल्या कोळ्यांचा धंदा बुडायचाच.

आणि बुडालाच, हिशेबाच्या भाषेत बोलायचं तर. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती एक टक्क्याच्या आत भरतात, तेही वसईसारखे पोर्तुगीज काळापासूनचे कॅथलिक धरून. इतकी वर्षं, इतक्या शाळा, मिरजेसारखं रुग्णालय, कुष्ठरोग्यांसाठी वसवलेल्या जागा, आणि हाती हे. मिरजेचंच घ्या. विल्यम वान्लेस हा कॅनडात जन्मलेला डॉक्टर 1889 मध्ये इकडे आला, 1894 मध्ये मिरजेचं रुग्णालय उभं राहिलं, 1897 मध्ये तिथे वैद्यकीय शिक्षण सुरू झालं. 1928 मध्ये तो देश सोडून गेला तोवर त्याच्या हाताखाली शिकलेले डॉक्टर गावोगावी दवाखाने थाटून बसले होते. पुढे 1962 मध्ये मिरजेला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालं तेव्हा विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष रुग्णांवर शिकवण्यासाठी वान्लेसचंच रुग्णालय कामाला आलं. दक्षिण महाराष्ट्रात आणि पलीकडे बेळगाव-विजापूरपर्यंत ज्या घरातलं कुणी ना कुणी मिरजेला उपचारासाठी गेलेलं नाही, असं जुनं घर शोधून काढावं लागेल. त्या घरांतली किती घरं ख्रिस्ती झाली? वक्त्यांचं घर झालं नाही. माझंही नाही.

इथे वक्ते म्हणतील (म्हणालेच असते, प्रश्नोत्तरं ठेवली असती तर), की गळ टाकणारा अपयशी ठरला म्हणून त्याचा हेतू शुद्ध होत नाही. कबूल. हा त्यांचा एकमेव दमदार मुद्दा मी फुकट देऊन टाकतो. रुग्णालयात सकाळी प्रार्थना होत, शुभवर्तमान वाचलं जाई, हे खरंच आहे. 1876-78 च्या दुष्काळानंतर नगर भागात बाप्तिस्म्यांचे आकडे एकदम फुगले हेही खरं आहे, आणि ते आकडे अमेरिकेला, इंग्लंडला अभिमानाने कळवले गेले हेही. भुकेल्या माणसाचं धर्मांतर मोजून त्यावर खूश होणारा पाद्री मला वक्त्यांइतकाच खटकतो.

पण गंमत अशी की तो पाद्री आणि हे वक्ते एकाच वहीत हिशेब लिहितात. दोघांच्याही लेखी सेवेचं मोल एकाच आकड्याने ठरतं: किती बाटले? एकाला आकडा मोठा हवा, दुसऱ्याला छोटा. बरे किती झाले, हा रकाना दोघांच्याही वहीत नाही. आणि ज्या पुस्तकाच्या नावाने हे सगळं चाललं, त्या पुस्तकाने ही वहीच फेकून दिलेली आहे. लूकच्या शुभवर्तमानाचा सतरावा अध्याय काढा. दहा कुष्ठरोगी लांब उभे राहून हाका मारतात. येशू त्यांना याजकांकडे पाठवतो, आणि वाटेतच ते बरे होतात. दहातला एक परत येऊन पाया पडतो, आणि तो नेमका शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका आणि हलका. बाकीचे नऊ कुठे, असं येशू विचारतो. त्याला वाईट वाटलं असेल, माणूसच तो. पण त्या नऊजणांचं कातडं पुन्हा झडलं नाही. आभार नाही मानले, मागे आले नाहीत, नाव नोंदवलं नाही. तरी बरे ते बरेच राहिले. दहात एक! वायल्डरच्या वरिष्ठांना हा आकडा दाखवला असता तर त्यांनी ते खातंही बंद करायला सांगितलं असतं.

तीच गत दहाव्या अध्यायातल्या वाटसरूची. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या रस्त्यावर लुटारूंनी मारून अर्धमेला टाकलेला माणूस. याजक बाजूने निघून जातो, मंदिराची सेवा करणारा लेवी निघून जातो, आणि शोमरोनी थांबतो. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेतो, दोन दिनार देतो, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, आणि जास्त लागले तर परत येताना देईन म्हणतो. त्या जखमी माणसाने शुद्धीवर आल्यावर शोमरोनी व्हावं असं त्या गोष्टीत कुठेही नाही. त्याला वाचवणाऱ्याचं नावही कळलेलं नाही.

हा वाद आपल्याकडे जुनाच. 1857 साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर आपला एक तेजस्वी ब्रह्मचारी आणि पाद्री यांच्यात जंगी वाद झडले, त्याचं पुस्तकही निघालं. अवतार, चमत्कार, पुनर्जन्म, पापक्षमा, सगळ्यावर चर्चा झाली. दोन्हीकडच्या तर्कांना दाद द्यावी लागते. मग आमच्या लहानपणी वाचकांच्या पत्रव्यवहारात तेच सगळं पुन्हा आलं, तर्क मात्र पातळ होऊन. एका गृहस्थांनी तर कुष्ठरोग्याची सेवा केल्याने त्याच्या कर्मभोगात अडथळा येतो, असं शास्त्राधारे लिहिलं होतं. त्यांना पुढे साधं गळू झालं तेव्हा कर्मभोगात अडथळा आणायला ते डॉक्टरकडे धावले की नाही, याची चौकशी मी केली नाही. पट्टी कोण बदलणार, हा प्रश्न मात्र किनाऱ्यावरही कुणी काढला नाही आणि पत्रांतही नाही. तो प्रश्न बायकांवर पडला. परक्या पुरुषाची जखम धुणारी मुलगी चांगल्या घरातली नव्हे, अशी आपली समजूत होती, म्हणून कित्येक वर्षं आपल्या रुग्णालयांतल्या सिस्टर बहुतेक ख्रिस्ती घरातल्या. आपण त्यांच्याकडून सेवा घेतली, घरी येऊन अंघोळ केली, आणि व्याख्यानं दिली.

आता गुंगीचा मुद्दा. आधी एक विसंगती. व्याख्यानाच्या पहिल्या अर्ध्या तासात मिशनरी लोक तीन पिढ्यांचं नियोजन करणारे महाधूर्त होते. दुसऱ्या अर्ध्या तासात तेच उद्याची चिंता न करणारे ऐदी झाले. मधे चहा झाला होता, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नसावं.

आकाशातली पाखरं पेरत नाहीत, कापत नाहीत, तरी त्यांना खायला मिळतं, हे वाक्य वक्त्यांनी खिल्ली उडवत सांगितलं. ते डोंगरावरच्या प्रवचनातलं आहे. तेच प्रवचन पुढे वाचत गेलं तर शेवटी काय आहे? पूर आहे. एकाने खडकावर घर बांधलं, एकाने वाळूवर. पाऊस आला, नद्यांना पूर आले, वारा सुटला, आणि वाळूवरचं घर कोसळलं. कोल्हापूरकराला याहून ओळखीचं प्रवचन कोणतं असेल? राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोक्याची 43. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 च्याही वर गेलं. चिखली, आंबेवाडी रिकामी करावी लागली, शिरोळ तालुक्यात होड्या फिरल्या, पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. दोष अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा की नदीच्या पात्रात भराव टाकणाऱ्यांचा, हा वाद अजून मिटलेला नाही. पण पूररेषेच्या आत प्लॉट पाडून विकणाऱ्यांनी ते पाखरांच्या भरवशावर केलं नाही. देवावर हवाला ठेवून नव्हे, फाइलवर सही मिळवून केलं.

आणि देव झेलेल म्हणून उडी मारायची नाही, हेही त्याच पुस्तकात स्पष्ट आहे. मंदिराच्या टोकावर उभं करून सैतान येशूला सांगतो, मार उडी, देवदूत वरच्यावर धरतील. येशू नाही म्हणतो. काळजी घेणाऱ्या देवाची परीक्षा पाहणं हा सैतानाचा सल्ला आहे. वक्त्यांनी तो ख्रिस्ताच्या नावावर लावला.

मग आकाशातला बाप कुठे होता? या प्रश्नाला मी चलाखीचं उत्तर देणार नाही. शुभवर्तमानही देत नाही. बापाला ठाऊक असल्याशिवाय चिमणी पडत नाही असं ते सांगतं; पण चिमणी पडतेच. शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती इतरांपेक्षा पापी होती का, असा विषय निघतो तेव्हा येशू साफ नाही म्हणतो. बुडालेल्याला वरून बोल लावायची सोय तिथे नाही. देवाची काळजी म्हणजे संकटापासून विमा, असं त्या पुस्तकाने कधी लिहून दिलेलं नाही, मग भजनात कुणी काहीही गावो.

मला त्यातून जे हाती लागतं ते थोडकं आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात निवाड्याच्या दिवशी राजा म्हणतो, मी भुकेला होतो, तुम्ही खायला दिलंत. आजारी होतो, समाचाराला आलात. ते लोक गोंधळून विचारतात, केव्हा? त्यांना पत्ताच नाही आपण कुणाला जेवू घातलं. त्यांनी नोंद ठेवली नव्हती. देवाची काळजी माणसापर्यंत पोचायला त्या पुस्तकात मुख्य वाट हीच दिसते: नोंद न ठेवणारे हात. 2019 मध्ये पुरात होड्या घेऊन गेलेल्या तालमींच्या पोरांनीही घराच्या दारावर ओम आहे की चंद्र की क्रूस हे बघून दोर टाकला नव्हता. त्यांना मत्तय ठाऊक नसेल. ठाऊक असायची गरजही नाही, आणि माझ्या मते त्या शिकवणीचं बळ यातच आहे. याहून जास्त सिद्ध करता येईल असं मला वाटत नाही.

वक्त्यांना मात्र एक विनंती. पुढच्या वर्षी याच विषयावर बोलाल, बोलालच, तेव्हा किती बाटले याच्या शेजारी किती बरे होऊन आपापल्या देवाकडे परत गेले तेही सांगा. त्यासाठी परदेशी ग्रंथालयं धुंडाळावी लागणार नाहीत. मिरज रेल्वेने तासाभराच्या अंतरावर आहे.