आपला बॅज कुठाय?

मागच्या पावसाळ्यात दांडीला बचत गटाच्या बैठकीत मी शेंगदाण्याची थैली उघडून बसले होते. काळपट, सुरकुतलेले, हिरवट बुरशी धरलेले दाणे निवडून दाखवत होते. "हे टाकायचे हं. भाजले, कूट केला, आमटीत उकळला तरी यातलं विष जात नाही." माझं नेहमीचं पालुपद! तेवढ्यात एक मावशी म्हणाल्या, "ताई, दान्याचं कळलं. पन आमच्या अंगात आजवर किती गेलंय, ते कोन मोजतं?"

मी गप्पच झाले. कारण खरं उत्तर होतं, कोणीच नाही.

मैत्रिणींनो, तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 पासून आपल्या शेजारी आहे. तिथे आत काम करणाऱ्यांच्या छातीवर एक छोटा बॅज असतो, हे बोईसर-पालघरच्या बायकांना माहीत आहे. जागेतला किरणोत्सर्ग मोजणारी यंत्रं वेगळी. हा बॅज सांगतो, त्या माणसाला किती लागला. ठरावीक काळाने तो तपासतात, माणसागणिक नोंद ठेवतात. मग जे विष आपण रोज स्वतःच्या हाताने ताटात वाढतो, त्याचा बॅज कुठे आहे?

त्या विषाचं नाव अफ्लाटॉक्सिन. दाणे, मका, सरकीची पेंड, सुकी मिरची नीट वाळली नाही, ओल लागली की एक बुरशी धरते, तिचं हे विष. बुरशी झटकली तरी ते आत राहतं. त्याला वास नाही की चव नाही. धान्य-डाळींसाठी सरकारी मर्यादा आहे किलोला 15 मायक्रोग्रॅम. म्हणजे एक टन धान्यात 15 मिलिग्रॅम, मिठाची चिमूटसुद्धा नाही!

हे काही परदेशातलं खूळ नव्हे. 1974 मध्ये शेजारच्या गुजरातेतल्या पंचमहाल आणि राजस्थानातल्या बांसवाडा भागात अवेळी पावसाने भिजलेला मका आदिवासी कुटुंबांनी खाल्ला. दुसरं होतं काय खायला? कावीळ झाली, पोटं पाण्याने फुगली. नोंदलेल्या 397 रुग्णांपैकी 106 दगावले. घरचं उरलंसुरलं खाणारी कुत्रीही मेली. त्याआधी म्हैसूरला कुपोषित मुलांना पोषण म्हणून दिलेल्या शेंगदाण्याच्या पिठातच हे विष निघालं आणि मुलांची यकृतं खराब झाली. जव्हार-मोखाड्याच्या जिल्ह्यात राहणाऱ्या बाईला ही गोष्ट वाचून झोप लागत नाही.

पण एकदम माणसं दगावली तर बातमी होते. थोडं थोडं वर्षानुवर्षं गेलं तर यकृताचा कॅन्सर होऊ शकतो, त्याची बातमी होत नाही. त्यात हिपॅटायटिस बी अंगात असेल तर धोका कैक पटींनी वाढतो.

आणि हे थोडं थोडं कुणाच्या पोटात जातं? बघा आपल्याच घरात. श्रावणात हवा सगळ्यात दमट आणि उपवास सगळ्यात जास्त. खिचडी, दाण्याची आमटी, लाडू, सगळीकडे कूट. उपवास कोण करतं? निवडून काढलेलं धान्य "वाया कशाला" म्हणून कोण खातं, नाहीतर कामवालीच्या पदरात कोण टाकतं? (मीही टाकलंय, कबूल करते.) बुरसलेली पेंड म्हशीला घातली तर तेच रूप बदलून दुधात उतरतं. देशभरच्या दूध पाहणीचा अहवाल 2019 मध्ये आला. 6,432 नमुन्यांपैकी 368 मध्ये ते मर्यादेपेक्षा जास्त होतं. पिशवीतलं दूध मोजलं, हे चांगलंच झालं. पण ते पिणारं पोर कुणी मोजलं नाही.

मोजता येत नाही असं नाही. लघवीतून गेल्या एक-दोन दिवसांत पोटात गेलेलं कळतं. रक्तातून दोन-तीन महिन्यांचं कळतं, अगदी डायबेटिसवाल्यांच्या तीन महिन्यांच्या साखरेच्या तपासणीसारखं. केनियात 2004 मध्ये अशीच मक्यातून विषबाधा झाली, तेव्हा लोकांचं रक्त तपासून हे विष त्यांच्या अंगात सापडलं होतं.

ही तपासणी महागडी आहे, तालुक्याच्या लॅबमध्ये होणारी नाही, हे मला ठाऊक आहे. घरटी तपासा असं मी म्हणतच नाही. पण गरोदरपणी आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिनसाठी रक्त घेतातच ना? बाईला विचारून, त्यातल्या काहीशे जणींचं रक्त एकदा भाद्रपदात आणि एकदा उन्हाळ्यात मोठ्या प्रयोगशाळेत पाठवा. किनाऱ्यावरच्या दांडी-नवापूरच्या आणि डोंगरातल्या जव्हार-मोखाड्याच्याही. कुठल्या गावात आकडा चढलाय ते कळलं की कुठलं धान्य, कुठलं गोदाम हे शोधता येईल. नाहीतर आम्ही थैल्या उघडून भाषणं देत राहणार.

"कळून बायका घाबरतील," असं एक डॉक्टर मला म्हणाले. घाबरून अंगावर पाजणं मात्र कुणी बंद करू नये. आईच्या दुधात याचा अंश उतरू शकतो, तरी बाळाला तेच सगळ्यात चांगलं. बाळाला हिपॅटायटिस बी ची लस जन्मल्याबरोबर सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, ती चुकवू नका. बाकी घाबरायचं म्हणाल तर, न मोजल्याने विष कमी होतं का हो?

पहिलं रक्त द्यायला मी तयार आहे. श्रावणी सोमवार मीही धरते.