पुरात गाडी कुठं होती?

शनिवारी रात्री साडेदहाला मित्राचा फोन. आवाजात लॉटरी लागल्याचा आनंद.

"भावा, गाडी मिळाली! इकोस्पोर्ट, डिझेल, २०१८ चं मॉडेल, एमएच ०९ पासिंग. सिंगल हँड, डॉक्टरनं वापरलेली. रनिंग फक्त अठ्ठेचाळीस हजार. सव्वापाच सांगतोय, पाचला देईल. उद्या सकाळी इसार द्यायचा म्हणतोय, कारण दुसरं गिऱ्हाईक लागलंय."

मंडळी, सेकंडहँड गाडीच्या बाजारातली सगळी मंत्रपुष्पांजली त्यानं एका दमात म्हणून टाकली होती. सिंगल हँड, डॉक्टर, कमी रनिंग आणि शेवटी ते 'दुसरं गिऱ्हाईक'! आपल्याकडं डॉक्टरांनी वापरलेल्या म्हणून जेवढ्या गाड्या विकल्या जातात, तेवढे डॉक्टर अख्ख्या सीपीआरमध्ये नसतील.

पण मला हसू आलं नाही. हा मित्र बँकेत आहे. त्याचं गाव गगनबावडा रोडवर, आई तिथं एकटी. गुडघे गेलेत, महिन्यातून एकदा तिला डॉक्टरांकडं कोल्हापूरला आणावं लागतं आणि एसटीची पायरी आता चढवत नाही. उंच सीटची, खड्डे पचवणारी गाडी त्याला हौसेसाठी नको होती. पाचातले साडेतीन लाख त्यानं चार वर्षांत साठवलेले. बाकीचं कर्ज.

मी त्याला एकच विचारलं, "ऑगस्ट २०१९ मध्ये ही गाडी कुठं होती?"

"म्हणजे?"

"आणि जुलै २०२१ मध्ये?"

तिकडून फक्त टीव्हीचा आवाज.

आता तुम्हाला हा खवचटपणा वाटेल. पण आठवून बघा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१, दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. दसरा चौक, व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी, नागाळा पार्क, रमणमळा... ज्यांना वेळ मिळाला त्यांनी गाड्या उंचावर नेल्या. ज्यांना नाही मिळाला, त्यांच्या गाड्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्येच राहिल्या. इकोस्पोर्ट ५५० मिलिमीटर, म्हणजे पावणेदोन फूट पाण्यातून जाते अशी तिची ख्याती होती. पार्किंगमध्ये गळ्याएवढं पाणी दोन-तीन दिवस मुक्कामाला आलं की त्या ५५० ला कोण विचारतो!

त्या गाड्यांचं पुढं काय झालं? दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी 'टोटल लॉस' धरतात. मालकाला पैसे मिळतात आणि गाडी सॅल्व्हेज म्हणून लिलावात जाते. तिथून कुणीतरी ती घेतो, धुतो, वाळवतो, सीट कव्हर बदलतो, पॉलिश मारतो. ज्यांचा फक्त थर्ड पार्टी विमा होता, त्यांनी तर गपचूप गल्लीतल्या गॅरेजमध्येच काम उरकलं. त्याची नोंद कुठंच नाही. या गाड्या भंगारात गेल्या असं समजू नका. त्यातल्या कितीतरी आजही आपल्यासोबत सिग्नलला उभ्या असतात.

रविवारी उद्यमनगरातल्या माझ्या नेहमीच्या मिस्त्रींना सोबत घेतलं. कन्सल्टंटला आधीच फोनवर सांगितलेलं, आम्ही येईपर्यंत गाडी स्टार्ट करू नका. थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसं उठतं, धूर कुठल्या रंगाचा येतो, हे बघायचं होतं. गेलो तर बॉनेट गरम. "जरा पुढं-मागं करून ठेवली," कन्सल्टंट हसत म्हणाला.

गाडी दिसायला झकास होती, हे कबूल. मित्र स्टेअरिंगवर हात ठेवून बसला तो उठेचना. मिस्त्रींनी मात्र रंगाकडं बघितलंसुद्धा नाही. मागच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत ओढला. एरवी आपण बेल्ट हातभर ओढतो, धुणाराही तेवढाच धुतो. आतल्या टोकाला मातकट रेघ होती, बशीत चहा सुकल्यावर राहते तशी. मग डिकीतली स्टेपनी काढली. खालच्या खोलगट जागेत बारीक वाळू. ड्रायव्हर सीटखाली मोबाईलचा टॉर्च मारला. सीटचे रूळ गंजलेले आणि वायरिंगच्या एका कनेक्टरवर हिरवी बुरशी धरल्यासारखा थर.

"हिकडं बगा साहेब," मिस्त्री म्हणाले, "इंजिन मी खोलून नवं करून देतो. पण ही हिरवळ आहे न्हवं, ही कुठंवर गेलीय ते देवालाबी म्हाईत न्हाई."

पुराच्या गाडीची खरी गोम हीच. इंजिनाचं नुकसान लगेच कळतं, गॅरेजवाला आकडाही सांगतो. वायरिंग मात्र सावकाश सडतं. सहा महिन्यांनी एक काच वर जात नाही, वर्षानं भर पावसात वायपर थांबतो. त्याहून वाईट म्हणजे एअरबॅगचा कंट्रोलर. तो बहुतेक गाड्यांत दोन सीटच्या मध्ये, जमिनीलगत असतो. म्हणजे पाण्यात सगळ्यात आधी जाणाऱ्यांपैकी एक. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझतो का, एवढं बघा. अजिबातच लागत नसेल तर कुणीतरी तो बंद करून ठेवलेला असू शकतो.

मग कागद. कन्सल्टंटनं चालू पॉलिसी पुढं केली. "५० टक्के एनसीबी आहे साहेब! क्लेमच नाही!" मित्रानं माझ्याकडं विजयी मुद्रेनं पाहिलं. पण बँकवाल्यानं तरी हिशेब करायचा ना! क्लेम केला की नो क्लेम बोनस शून्यावर येतो. नंतर दर बिनक्लेम वर्षाला २०, २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५०. म्हणजे २०१९ ला क्लेम झालेली गाडीसुद्धा आज ५० टक्के दाखवू शकते. चालू पॉलिसी २०१९ बद्दल काहीच सांगत नाही. बघायच्या त्या दोन्ही पुरांनंतर नूतनीकरण झालेल्या पॉलिस्या. तिथं बोनस शून्यावर आला असेल तर पुढचा प्रश्न विचारा. एक लक्षात ठेवा, बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. त्यामुळं मधे मालक बदलला असेल तर शून्याचं कारण तेही असू शकतं.

जुन्या पॉलिस्या 'सापडत नव्हत्या'. सर्व्हिस बुक होतं. पंधरा महिन्यांत बावीस हजार किलोमीटर, शेवटचा शिक्का जून २०१९ चा. त्यानंतर कोरं करकरीत. ज्या वेगानं ती गाडी पळत होती त्या वेगानं अठ्ठेचाळीस हजार कधीच मागं पडायला हवे होते. पुढच्या टायरवर चार आकडे होते, ४१२३, म्हणजे २०२३ च्या एकेचाळिसाव्या आठवड्यातलं उत्पादन. टायर बदलणं गुन्हा नाही, पण पेडलचं रबर घासून गुळगुळीत झालेलं होतं.

मित्रानं थेट विचारलं. कन्सल्टंट जराही गडबडला नाही. "साहेब, कोल्हापुरात पूर आला होता. गाडी काय सातव्या मजल्यावर ठेवायची? चला, तीन पंच्याहत्तरला न्या."

खरं सांगतो, इथं मित्र डळमळला. सव्वापाचाची गाडी पावणेचारला! रात्रभर त्याचे मेसेज चालू होते. कर्ज काढायलाच लागणार नाही, वाचलेल्या पैशांत वायरिंग नवं करू... माझं म्हणणं एवढंच होतं, ठोकलेल्या गाडीला किंमत लावता येते, बुडालेल्या गाडीला नाही. आणि गगनबावड्याच्या पावसात, रात्री, आई मागं बसलेली असताना ती बंद पडली तर त्या सव्वा लाखाचं काय करणार? शिवाय फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्येच भारतातलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. चालवायला इकोस्पोर्ट आजही मजा आणते, चांगली मिळाली तर नाव ठेवणार नाही. पण चार वर्षांनी विकायला जाल तेव्हा हे ऐकून घ्यावं लागेल.

किमतीचं म्हणाल तर "नवी बारा लाखांना घेतलेली" हे वाक्य सोडून द्या. तुलना करायची ती आज शोरूममध्ये काय मिळतं याच्याशी. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, पेट्रोल १२०० आणि डिझेल १५०० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेसवरून सरळ १८ वर आला. नेक्सॉनचं सुरुवातीचं मॉडेल तेव्हा साडेसात लाखांच्या आत आलं, अर्थात एक्स-शोरूम. पेट्रोल ब्रेझाचं इंजिन १४६२ सीसीचं, त्यामुळं तिच्यावरचा कर ४५ वरून ४० वरच थांबला. नवीची किंमत उतरली की जुनीनंही उतरायला हवं. विकणाऱ्यांना हे उशिरा आठवतं, आपण आठवण करून द्यायची.

शेवटी गाडी मिळाली ती आजऱ्याच्या एका शिक्षकांकडं. नेक्सॉन, पेट्रोल, डिसेंबर २०१८. एकाहत्तर हजार रनिंग, बंपरला ओरखडा, मागच्या सीटवर शाईचा डाग. पण पहिल्या दिवसापासूनची बिलं फाईलला लावलेली, जुन्या पॉलिस्यांसकट! ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत नेक्सॉनला ऑगस्ट २०१८ मध्ये चार तारे होते, डिसेंबरात पाच झाले. त्यामुळं चासी नंबरवरून गाडी नक्की कधी बनली ते आम्ही आधी पाहिलं. मग वाघबीळवरून पन्हाळ्यापर्यंत नेली, चौघं बसून, एसी चालू ठेवून. चढाला क्लच घसरतो का, टेंपरेचरचा काटा हलतो का आणि उताराला ब्रेक एका बाजूला ओढतो का, हे सपाट रस्त्यावर समजत नाही. खड्ड्यात पुढून टकटक आवाज आला. मिस्त्री म्हणाले, सस्पेन्शनचे बुश. त्याचे आणि चार टायरचे मिळून पैसे आम्ही किमतीतून वजा करायला लावले. सरांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग चहा मागवला. चार नव्वदला ठरलं.

पैसे दिल्यावर काम संपलं नव्हतं. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, परिवहनच्या ॲपवर थकलेली चलनं. सर स्वतःच नाव ट्रान्सफरच्या मागं लागले होते आणि ते बरोबर होतं. रजिस्टरवर ज्याचं नाव, अपघाताची जबाबदारी त्याचीच, असं सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा. त्यात इंजिन प्रोटेक्शन मिळतंय का विचारा. जुन्या गाडीला सगळ्याच कंपन्या देत नाहीत, पण साध्या पॉलिसीत पाणी शिरून बिघडलेलं इंजिन बऱ्याचदा बसत नाही. आणि हो, निपाणी-बेळगावची केए पासिंगची गाडी स्वस्त मिळत असेल तर एनओसी आणि महाराष्ट्राचा टॅक्स मिळवून मगच तिला स्वस्त म्हणा.

येत्या रविवारी बुश बदलायचेत. मिस्त्रींनी सकाळी दहाची वेळ दिलीय. म्हणजे बारा.